सात नंबरचे चार स्क्रू

"वाकडे आहेत! चारही वाकडे!"

देवश्री विमानात गुडघ्यांवर बसून ओरडली. बाहेर शिडीवर चकली खात बसलेला तिचा मामेभाऊ ईशान दचकला आणि चकली खाली पडली.

"काय वाकडं?"

"सात नंबरच्या पॅनेलचे स्क्रू! माझे स्क्रू वाकडे नसतात!"

ते खरंच होतं. देवश्रीचे आजोबा बापूसाहेब अमरावतीच्या तंत्रशाळेतून निवृत्त झालेले मास्तर. खोक्यांतून सुटे भाग मागवून त्यांनी हे दोन आसनी विमान चार वर्षं जोडलं होतं आणि त्यांचे नियम तंत्रशाळेतल्यापेक्षा कडक होते. सुटे स्क्रू आप्पेपात्रात ठेवायचे, एका खळग्यात एकाच पॅनेलचे. स्क्रू घट्ट झाला की त्याच्या डोक्यावरची खाच उभी दिसली पाहिजे, म्हणजे कोणी छेडछाड केली तर लांबूनही कळतं. आणि शेवटी वहीत सही. ज्याचा शेवटचा हात, त्याची सही!

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आतली सगळी पॅनेलं बसवायचं काम देवश्रीकडे होतं. विमानाचा सांगाडा, तारा आणि वायरी झाकणाऱ्या पातळ फळ्याच त्या, पण एकेक बसवताना तिला घाम फुटला होता. सात नंबरचं पॅनेल वैमानिकाच्या डाव्या मांडीशी, अगदी खाली होतं. परवा तिनं ते बसवलं तेव्हा चारही खाचा उभ्या होत्या. आज एक आडवी आणि तीन तिरप्या!

आणि आज संध्याकाळी साडेचारला वारा पडला की हे विमान पहिल्यांदा उडणार होतं. उडवणार होती देवश्रीची आई, शकुन. ती विमान चालवायला शिकवायची. आज तिच्या शेजारची सीट रिकामी राहणार होती आणि सात नंबरच्या मागून शेपटीकडे जाणारी तार तिच्या हातातल्या, विमान वर-खाली करणाऱ्या दांड्याला जोडलेली होती.

देवश्री धावत आजोबांकडे गेली. बापूसाहेब पंखाखाली पाठ टेकून काहीतरी पुसत होते. सकाळपासून ते कोणावर ना कोणावर खेकसत होते.

"आजोबा, सात नंबर कुणीतरी उघडलंय!"

"कोण उघडणार? थकली होतीस परवा. तेराव्या वर्षी प्रत्येक स्क्रू सरळ बसत नाही. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, देवश्री!"

"पण आजोबा..."

"आता पॅनेल उघडलं की सगळी तपासणी पुन्हा! आज माझं डोकं खाऊ नकोस!"

देवश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चूक तिची असती तर तिनं गप्प बोलणी खाल्ली असती, पण ही चूक तिची नव्हतीच. ती तणतणत परत आली आणि विमानाखाली जाऊन बसली. तिला एका जागी बसवेना. उठली, पुन्हा बसली. तेव्हा तिच्या तळव्याला काहीतरी टोचलं.

सरकी! कापसाचं बी. एक नाही, आठ-दहा, आणि निम्म्यांची टरफलं कुरतडलेली.

"त्यात काय नवल?" ईशान म्हणाला. "ही जिनिंगचीच शेड आहे ना? सरकी नाही सापडणार तर काय मोती सापडणार?"

भातकुलीच्या रस्त्यावरची ती शेड बापूसाहेबांचे मित्र खुशालराव यांची. पूर्वी इथे कापसातून सरकी काढत. विमानासाठी त्यांनी ती बापूसाहेबांना दिली आणि मागच्या पडीक शेतात रोलर फिरवून धावपट्टीही करून दिली. त्यांचा नातू विपुल त्याच वेळी पाण्याची कळशी घेऊन आत आला. देवश्रीनं त्याच्यासमोर मूठ उघडली.

"विपुल, ही सरकी बघ."

विपुलनं एक बी दाताखाली धरलं आणि चावलं.

"यंदाची हाय. तेल सुटते अजून. जिनिंग त अकरा वर्षं बंद हाय व! जुनी सरकी काळीभोर असते. ह्या सरकीले त पांढरी लव हाय."

"आणि ती फक्त विमानाखालीच आहे!" देवश्री म्हणाली. "बाकीची शेड मी काल झाडली. एक दाणा नव्हता!"

तिघं विमानात चढले. देवश्रीनं बोटाच्या पेरानं पॅनेलं वाजवायला सुरुवात केली. पाच नंबर, टक. सहा नंबर, टक. आठ नंबर, टक. सात नंबर?

धप!

"पुन्हा वाजव," ईशान कुजबुजला. चकली तो केव्हाच विसरला होता.

धप! आणि मग, कोणी हात न लावता, आतून बारीक खुडखुड आली.

"उंदीर!" ईशान ओरडणार तोच देवश्रीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. विपुल मात्र दचकला नाही. तो खाली मान घालून नखं खरवडत बसला.

"काय झालं, विपुल? बोल ना!"

"आबानं परवा आजीले उशीची खोळ मागतली होती. ओसरीवरच्या ढिगातला कापूस भरून सायकलीवर नेला. मी इचारलं त म्हणे, गुपचूप राय!"

"पण का?"

"रविवारी इंजिन लावलं तवा तुही आई म्हणाली नव्हती का, डाव्या कानाशी लय खडखड होते म्हणून? आबाचा लय जीव हाय तिच्यावर. लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचे तिले. घातला अशीन त्याच बाजूले कापूस, आवाज बंद कराले. तेल्हाऱ्याकडच्या वावरातला कापूस म्हणजे त्यायले सोन्यावाणी वाटते!"

देवश्रीनं सात नंबरला कान लावला. सरकीसकट कापूस, सरकीच्या वासानं आलेले उंदीर, त्यांच्या दाताशी वायरी आणि मधून जाणारी शेपटीची तार!

"उघडू या!" ईशाननं पेचकस उचलला.

"नाही!" भिंतीवर बापूसाहेबांच्या अक्षरात लाल रंगानं लिहिलं होतं: एकट्यानं पॅनेल उघडायचं नाही, मोठ्या माणसासमोरच उघडायचं. "आपण उघडलं तर म्हणतील, पोरांनीच वाकडं केलं. खुशालआबांनी स्वतः सांगायला हवं."

"आबा सांगतीन?" विपुल म्हणाला. "मुद्दाम इचारलं त म्हणतीन, मले काय माईत! समद्यायसमोर लाज वाटन त्यायले." मग त्यानं डोकं खाजवलं. "पण एक हाय. आबा खोटं बोलतीन, खोटी सही नाई करत. एका खोट्या सहीपायी सख्ख्या भावासंग वीस वर्षं बोलले नाई."

देवश्रीनं वहीकडे बघितलं. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

साडेतीन वाजले. पावणेचार वाजले. देवश्री शेडच्या दारातून आत आणि आतून दारात अशा खेपा घालत होती. चारला शकुन आली आणि आल्याआल्या विमानाच्या नाकावरून हात फिरवू लागली. खुशालराव पांढरंशुभ्र धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे होते.

"चाल पोरी, बस! वारा पडून राहिला!"

शकुननं पाय वर टाकला.

"थांब आई!"

देवश्री वही छातीशी धरून विमानासमोर उभी राहिली. तिचा आवाज ठणठणीत निघाला.

"आजोबा, तुमचाच नियम आहे. ज्याचा शेवटचा हात, त्याची सही. सात नंबरवर माझी सही आहे, पण शेवटचा हात माझा नाही. म्हणून मी माझी सही खोडतेय!"

आणि तिनं खरंच खोडली. आडवी रेघ, आरपार.

"देवश्री!" बापूसाहेब कडाडले. "ही काय वेळ आहे हट्टाची?"

"एका पॅनेलवर सही नसेल तर विमान हलणार नाही, हेही तुम्हीच लिहिलंय, आजोबा!"

शकुननं पाय खाली घेतला. तिनं लेकीकडे नीट बघितलं, मग वडिलांकडे. "बाबा, ती बरोबर बोलतेय. सही कोण करणार?"

तेव्हा विपुल पुढे झाला. त्यानं देवश्रीच्या हातातून वही आणि पेन घेतलं आणि आपल्या आजोबांसमोर धरलं. त्याचे कान लाल झाले होते.

"आबा, तुमी करा सही."

खुशालरावांनी नारळ काखेत धरला आणि पेन घेतलं. पेनाचं टोक कागदाला लागलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी विमानाकडे बघितलं, मग शकुनकडे.

"नाई होत बाप्पा माह्यानं," ते हळूच म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. "बापू, म्या उघडलं ते. पोरीच्या कानाले तरास नको म्हणून थोडासा कापूस घातला. चार मुठी. कापसानं काय होते?"

बापूसाहेबांनी पेचकस घेतला आणि चार वाकडे स्क्रू काढले. पॅनेल निघालं, तशी करड्या रंगाची उंदरीण टुणकन उडी मारून खुशालरावांच्या धोतरावरून पळाली. "अरे बाप्पा!" म्हणून ते उडाले आणि नारळ घरंगळत गेला. आत कापसाच्या घरट्यात गुलाबी पाच पिल्लं होती. एका वायरीचं वेष्टण कुरतडून आतलं तांबं दिसत होतं. आणि तार ज्या कप्पीवरून फिरते, तिच्याभोवती कापसाचा पीळ घट्ट बसला होता.

"शकुन, दांडा पूर्ण मागे ओढ," बापूसाहेब म्हणाले.

शकुननं ओढला. दांडा अर्ध्यात अडकला.

खुशालराव मटकन जमिनीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्या पोरीले मारलं असतं, बापू! माह्या हातानं!"

देवश्रीला त्यांचा राग आला होता, पण तो तिथेच विरघळला. शकुन त्यांच्याजवळ बसली. "काका, कानाची खडखड मी सहन केली असती. मला विचारायचं होतंत."

बापूसाहेब देवश्रीसमोर येऊन उभे राहिले. चार वर्षांत त्यांचा आवाज एवढा खाली आलेला कोणी ऐकला नव्हता. "तुझ्या स्क्रूंनी सकाळीच सांगितलं होतं. मीच नियम लिहिले आणि मीच ते वाचले नाहीत. चुकलो, पोरी. आणि विपुल, तुझ्याएवढं धाडस माझ्या अंगात नाही!"

"मंग पिल्लं मी नेऊ?" विपुलनं विचारलं. त्यानं ती आबांच्या सायकलीला अडकवलेल्या उशीच्या खोळीतच घातली आणि खोळ शेताच्या बांधावर, उंदरीण पळाली त्या बाजूला नेऊन ठेवली.

नवी वायर टाकायला, कप्पी साफ करायला आणि तपासणी पुन्हा करून घ्यायला चार दिवस लागले. ईशानची अकोल्याला परत जायची गाडी मुद्दाम चुकवण्यात आली. पाचव्या दिवशी देवश्रीनं सात नंबर पुन्हा बसवलं. टक! चार खाचा उभ्या. आप्पेपात्र रिकामं. वहीत तिची सही आणि खाली साक्षीदार म्हणून खुशालरावांची, पूर्ण नावानिशी.

विमान पडीक शेतावरून धावलं, वर उचललं गेलं आणि भातकुलीकडे वळलं. ईशान उड्या मारत होता. बापूसाहेब चष्मा पुसत राहिले. वीस मिनिटांनी शकुन उतरली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "डाव्या कानाशी अजूनही खडखड होतेच!"

खुशालरावांनी दोन्ही हात वर केले. "म्या हात नाई लावला हो!"

सगळे पोट धरधरून हसले. मग शकुननं वही मागितली. शेवटच्या पानावर पहिल्या उड्डाणाची नोंद वैमानिकानं करायची असते. तिनं तारीख टाकली, वेळ लिहिली आणि खाली एक ओळ जोडून वही लेकीच्या हातात दिली.

"देवश्रीची सही बघितली, मगच बसले."

देवश्रीनं ती ओळ तीनदा वाचली आणि चौथ्यांदा आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवली.