गळ्याचं माप

जोहरी बाजारात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर लादूराम सोनींची गादी होती. पायांनी गुळगुळीत झालेला दगडी जिना चढून गेलं की पांढरी चादर अंथरलेली लांबट खोली, कोपऱ्यात माठ, आणि रस्त्याकडच्या खिडकीत कबुतरं. तीजा इथं कितीदा येऊन गेली होती. मामेबहीण असो, चुलतबहीण असो की शेजारीण, लग्न ठरलं की दागिने निवडायला तीजाला न्यायचं, असा त्यांच्या गल्लीत रिवाजच पडला होता. कुठल्या गळ्याला काय शोभतं ते तिला एका नजरेत कळायचं. आखूड मानेच्या मुलीला ती आड घालू देत नसे. गळ्याशी घट्ट बसणाऱ्या त्या चौकोनी पट्ट्यांनी असलेली मानही बुडते, म्हणायची. रुंद कपाळ असलं तर भांगात मोठी रखडी, गोल चेहऱ्याला लांब झुमके. तिच्या हातून सजून कितीतरी नवऱ्या सासरी गेल्या. तिचं स्वतःचं बाशिंगबळ मात्र जडच राहिलं.

आजची निवड सख्ख्या धाकट्या बहिणीसाठी होती, सोहनीसाठी.

तीजाला मत्सर वाटत होता, हे सरळच सांगितलेलं बरं. किशनगढची मंडळी खरं म्हणजे तीजाला बघायला आली होती. मुलाच्या आईनं तिच्या हातचा मूगडाळीचा हलवा दोनदा मागून घेतला, तिच्या ओढणीच्या रंगाचं कौतुक केलं, आणि जाता जाता पेले उचलायला आलेल्या सोहनीच्या हनुवटीखाली हात घातला. झालं. पुढे निरोप आला की मुलगी आम्हाला धाकटीच द्या, पण दागिने थोरलीनं निवडावेत, तिची नजर फार चांगली आहे. तीजा तेव्हा हसली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बरं, सोहनीला तरी दागिन्यांचं काय होतं? 'काहीही घे, जीजी, फक्त टोचायला नको,' एवढंच तिचं म्हणणं. आणि दागिन्याच्या मागच्या बाजूला हिरवा रंग असू दे, कमळांच्या नक्षीचा, ही एक हौस. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असा देवाचा कारभार.

लादूरामांनी मीनाचे, म्हणजे सोन्यावर भाजून चढवलेल्या रंगाचे, नमुने मांडले. कुंदनाच्या दागिन्याला पुढून हिरे आणि पाठीला मीना. ही पाठ कातडीला लागून असते, चारचौघांत दिसत नाही. तरी जयपूरची बाई दागिना हाती घेतला की आधी उलटा करून बघते. तीजानं हिरव्याला हातही लावला नाही. तिनं सोहनीच्या आडेसाठी लाल उचलला, आणि त्यावर पांढऱ्या पोपटांची जोडी सांगितली. लाल सगळ्यात शेवटी भट्टीत जातो, जरा जास्त वेळ राहिला तर काळवंडतो, असं लादूराम म्हणाले. तीजा म्हणाली, मग जास्त वेळ ठेवू नका.

"सोहनीला हिरवा हवा होता ना?" शेजारी बसलेली माँ म्हणाली.

"हिरव्यात तिचा रंग मळकट वाटेल."

"पाठ कुणाला दिसतेय?"

"मला दिसतेय ना," तीजा म्हणाली, आणि माँ नथी बघायला वळली.

मग माप. सगाईचा नारळ घरात आला की मुलीनं बाजाराची पायरी चढायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून माप बहिणीच्या नाहीतर भावजयीच्या गळ्यावर घेत. दोरा बांधताना सोनी विचारणार, गळा कुणाचा, आणि माप देणारीनं नवरीचं नाव घ्यायचं. तीजानं आजवर कित्येक जणींची नावं घेतली होती. पाण्याचा घोट घ्यावा तितकं ते सोपं होतं.

लादूरामांनी लाल दोरा तिच्या गळ्याभोवती फिरवला. "बोला बाई, गळा कुणाचा?"

सोहनीचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. समोरच्या आरशात तिला स्वतःची मान दिसली, लांब, निमुळती, आडेसाठीच घडवल्यासारखी. माँ खिडकीशी नथ उजेडात धरून बघत होती.

"तीजाचा," ती हळूच म्हणाली.

म्हाताऱ्याचा हात थांबला. "बाई, पुन्हा एकदा सांगा."

"ऐकलंत की."

त्यांनी गाठ मारली, दोरा डबीत ठेवला आणि त्यानंतर तिच्याकडे पाहिलं नाही. जिना उतरताना तीजाला हलकं हलकं वाटत होतं. एवढीशी चोरी, तीही नुसत्या शब्दाची. कुणाचं काय बिघडणार होतं?

फाल्गुनात आड घरी आली. माँनं कागद उलगडून ती उलटी केली. डाळिंब फोडावं तसा लाल, आणि त्यात समोरासमोर बसलेले पोपट. सोहनीला पाटावर बसवून माँ मागून दोरी बांधू लागली, तर दोरीची टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. दोघी बहिणींच्या गळ्यातल्या चांदीच्या हंसळ्या लहानपणापासून एकमेकींना होत आल्या होत्या. माँ म्हणाली, पटवेकऱ्यानं दोरी आखूड गुंफली, दुसरं काय. पटवेकऱ्याकडून दोरी वाढवून आणली. ती पुन्हा बोटभर कमीच पडली.

"जीजी, किती गार आहे ही," सोहनी म्हणाली. "माठात ठेवली होती का?"

तीजानं आड काढून आपल्या गळ्याशी धरली. माँनं सहज दोरी बांधली, ती नीट बसली, वर हातभर उरली. आणि ती मुळीच गार नव्हती. कुणीतरी आत्ताच काढून ठेवावी तशी ऊबदार होती. तीजाला सुख झालं. तिनं ती लगेच काढली नाही.

त्या दिवसापासून माँची जीभ घसरू लागली. ती सोहनीला तीजा म्हणायची, तीजाला सोहनी. लग्नघरात असं होतंच, म्हणून सगळ्या हसल्या. मग काकू चुकली, मग पाणी भरणारी बाई. पीठी लावायचा दिवस आला. बायकांनी गाणी म्हणत सोहनीला हळद चोळली, आणि अंग धुतल्यावर सोहनी होती तशी सावळी निघाली. हळद कालवणाऱ्या तीजाचे हात मात्र कोपरापर्यंत पिवळे राहिले, ते कशानंही उतरले नाहीत. मेंदीचंही तेच. सोहनीच्या तळहातावरची वेलबुट्टी सकाळी फिक्या केशरावर थांबली होती. तीजानं शकुनाचा एकच ठिपका लावून घेतला होता, तो काळाभोर रंगला.

"हिची सासू हिला डोक्यावर घेणार," काकू म्हणाली. सगळ्या हसल्या. काकूनं हात धरला होता तो तीजाचा.

सोहनी हसली नाही. ती आता कमी बोलायची. जेवताना तिचं ताट वाढायचं राहून जायचं आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. एकदा तर तीजाच्याही आलं नाही. आलं तेव्हा तिनं उठून वाढलं नाही, हेही खरं.

लग्नाच्या सकाळी किशनगढची ब्याणजी, म्हणजे मुलाची आई, सुनेची वस्त्रं घेऊन आली. सोहनी पाटावर बसली होती. तीजा मागे आडेचं तबक घेऊन उभी. ब्याणजी आत आली, पाटाला वळसा घालून पुढे गेली, आणि तिनं तीजाच्या हनुवटीखाली हात घातला.

"माझी सून अशी उभी का?" ती म्हणाली. "बसवा तिला."

खोलीत दहा बायका होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. चूक झालीय असं कुणाला वाटलेलंच दिसलं नाही.

सोहनीनं मान वर केली. "जीजी," ती म्हणाली, "सांग ना यांना."

एक वाक्य पुरलं असतं. मी तीजा, ही सोहनी. तीजानं बहिणीकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की ही तिच्याच कुशीत झोपायची. मग तिनं तबकाकडे पाहिलं.

ती काहीच बोलली नाही.

सोहनी पाटावरून उठली. तिनं जागा करून दिली, तबक तीजाच्या हातातून घेतलं, आणि पुन्हा विचारलं नाही.

तिनंच तीजाला सजवलं. रखडी भांगात नेमकी बसवली, नथ जराशी तिरकी ठेवली. झुमके दोनदा बदलून पाहिले आणि पहिलेच पुन्हा घातले. दागिन्यांतलं ओ की ठो न कळणारी मुलगी, तिचे हात आता कुठंही अडखळत नव्हते. शेवटी तिनं मागून आड बांधली. गाठ अगदी मापात पडली.

गोरज मुहूर्तावर फेरे झाले. भटजींनी सोहनीचं नाव घेतलं. तीजाला ते खटकलं, पण क्षणभरच. सगळे तिच्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा सगळे तिच्याकडे बघत होते.

सकाळी पाठवणी झाली. माँ तिच्या गळ्यात पडून रडली. सोहनी, माझी सोहनी, म्हणत रडली, इतकी की दोन बायकांना तिला धरावं लागलं. तीजासाठी माँ अशी कधी रडली नव्हती, आताही रडत नव्हती. तीजा वाट बघत राहिली की ती एकदा तरी नाव चुकेल.

माँ चुकली नाही.

मोटारीचं दार लागलं. शेजारी नवरा बसला होता. त्यानं हळूच, प्रेमानं विचारलं, "सोहनी, खिडकी उघडू?"

काचेपलीकडे माँ डोळे पुसत घराकडे वळली. दारात एक मुलगी हात पुसत उभी होती. माँ तिच्या बाजूनं, तिच्याकडे न बघता आत गेली. आतून तिची हाक आली, रोजची, जराशी त्रासिक.

"तीजा, अगं, चहाचं बघ."

सवयीनं तीजाचे ओठ हलले. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, स्वच्छ, ओळखीचा.

"आले, माँ."

तो आवाज दारातून आला होता. मोटार सुरू झाली.