पोट भरलेलं, प्राणी शून्य

जळू कुणालाच आवडत नाही, आणि त्यात कुणाची चूकही नाही. डॉ. वसुधा केंकरे यांचं मात्र अख्खं संशोधन जळवांवर उभं होतं. तळकोकणच्या माथ्यावरल्या वर्षावनात, तंबूतल्या प्रयोगशाळेत, त्यांनी ‘रक्तवाचक’ बसवला होता. जळूच्या पोटातलं रक्त कोणत्या प्राण्याचं आणि किती तासांपूर्वी प्यालेलं, हे तो अचूक सांगे. जे कॅमेऱ्यांना महिनाभर दिसत नाही ते जळू एका सकाळी सांगते, असं बाई कौतुकाने म्हणत.

आज मात्र बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बारा वर्षं त्यांना या रानात सांभाळून नेणारे साठीचे वाटाडे भिकाजी गावडे तीन दिवसांपूर्वी ओढ्याला लोंढा आला तेव्हापासून बेपत्ता होते. शोधपथक आता खालच्या अंगाला प्रेत शोधायला निघालं होतं. हात रिकामे राहिले तर रडू फुटेल, म्हणून बाईंनी ओढ्याकाठच्या जळवा गोळा करून यंत्रात घातल्या.

यंत्राने भलतंच उत्तर दिलं. तीस जळवा, त्यांतल्या बावीस भरलेल्या, आणि प्राणी शून्य.

यंत्र बिघडलं, असं म्हणून बाई उठल्याच. पण त्यांचे सहकारी डॉ. तन्वीर मुजावर खुर्चीतून हलले नाहीत.

“बिघडलेलं नाही. माणसाचं रक्त आपण कचरा म्हणून गाळतो, बाई.”

त्यांनी गाळणी काढली. बावीसही पोटांत गावडेंचंच रक्त निघालं. गावडे अनवाणी फिरत, त्यांच्या रक्ताने नमुने सारखे खराब होत, म्हणून त्यांची रक्तखूण बाईंनी सर्वांत आधी यंत्रात भरली होती. वर त्यावरून त्यांना चारचौघांत सुनावलंही होतं.

रक्त लोंढ्याआधीचं असेल, ही बाईंची शंका मुजावरांनी आकड्यांवर बोट ठेवून खोडली. सात तास. नऊ तास. अकरा तास.

“आणि जळू मेलेल्याला लागत नाही,” ते म्हणाले. “तिला ऊब लागते. प्रवाहाविरुद्ध तर ती चढतच नाही. म्हणजे आली ती वरूनच.”

बाईंच्या जिवात जीव आला. शोधपथकाला मागे बोलावून सगळे वरच्या अंगाला धावले.

कोसभरावर, ओढ्याला लागून असलेल्या कपारीत, घोटा मोडलेले गावडे सापडले. पाय चाव्यांनी भरलेले, चेहरा पांढराफटक. कमरेची चुन्याची डबी तशीच भरलेली. चुन्याचं बोट लावलं की जळू गळून पडते, हे बाईंना शिकवलं होतं ते गावडेंनीच. मग चुना का लावला नाहीत, म्हणून बाई घायकुतीला येऊन त्यांच्यावर रागावल्या.

गावडे थकून हसले आणि त्यांनी ओढ्याकडे बोट केलं.

“मॅडम, तुमचा यंत्र माजा रगात वळाखता, ह्यां माका ठावक होता. म्हणान पोटभर पाजून एकेक जळू व्हाळात सोडलंय.”

बाई तिथेच चिखलात बसल्या, गावडेंचे दोन्ही हात धरले आणि तीन दिवसांचं रडून घेतलं. त्या वर्षीच्या शोधनिबंधावर संशोधक म्हणून पहिलं नाव भिकाजी गावडे यांचं आहे.