एकशे अठ्ठाविसावा आवाज

आजोबांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. जन्मभर वाचनालयात नोकरी केलेला माणूस. साधं चार ओळींचं कार्ड आलं तरी दुसऱ्या दिवशी उत्तर टाकणारा. पण ते एक पत्र तीन वर्षं शब्दकोशाच्या शेवटच्या खंडात, ‘क्ष’च्या पानांत पडून होतं.

तिघा भावंडांना पत्राचा पत्ताच नव्हता. त्यांना आधी ऐकू आला तो श्वास.

सुट्टीतली दुपार होती. तिघं जिन्यात बसून सायकलींवरून तलावापर्यंत जायचा बेत आखत होती. सगळ्यात मोठी कॅप्टन तेरा वर्षांची, तिच्या हातात नकाशा. मधला भोंगा, त्याचं नाव असं का पडलं, हे त्यानं तोंड उघडलं की कळायचं. आणि धाकटी पुटपुट, जी सारखं काहीतरी मोजत असायची.

“शू! कोण धापा टाकतंय?” कॅप्टन म्हणाली.

खालच्या मजल्यावर काकांचा स्टुडिओ होता. त्याचं जाड दार आज अर्धवट उघडं होतं, आणि आतून कुणीतरी लांब, खरखरीत श्वास घेत होतं. एक... थांबून दुसरा... मग टेलिफोन खणखणला.

“आपला फोन तर गेल्या वर्षीच काढून टाकला!” भोंगा चक्क कुजबुजला.

धाड्! बंदुकीचा बार!

“तीन,” पुटपुट पुटपुटली. “तीन आवाज. पुन्हा तेच, त्याच क्रमानं.”

कॅप्टननं दार ढकललं. खोलीत कुणीच नव्हतं! काकांची फिरती खुर्ची अजून हळूहळू फिरत होती. पडद्यावर रंगीत रेघा सरकत होत्या आणि स्पीकरमधून श्वास, फोन, बार, श्वास, फोन, बार असं चाललं होतं. शेवटी एक लांबलचक शांतता. आणि एकच बार.

“बंद करा ते!”

दारात आजोबा उभे होते. चेहरा कागदासारखा पांढरा. आजोबांना मोठ्यानं बोलताना तिघांनी कधीच ऐकलं नव्हतं. मग ते कठडा धरून एकेक पायरी वर चढत गेले.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन काका आले. “घाबरलात ना? आजोबांच्या टेबलाच्या खणात हा पेनड्राइव्ह सापडला. दोनच फायली आहेत. छोटी वाजवली तर हे असलं भुताटकीचं प्रकरण! मोठी तर उघडतच नाही, खराब झाली असणार. पाच वाजता जाहिरातवाले येतायत, त्यांचं काम यावरच देतो. पुसून टाकतो सगळं.”

“काका, आजोबांना विचारलंत?”

“त्यात काय विचारायचं? खणात धूळ खात पडला होता!” कप ठेवून काका माइकची वायर शोधायला मागच्या खोलीत गेले.

घड्याळात सव्वाचार झाले होते.

“आजोबा घाबरले नाहीत,” कॅप्टन हळूच म्हणाली. “त्यांना हा आवाज ओळखीचा होता. भोंग्या, काकांना वायरीत गुंतव!”

“काका!” भोंग्यानं मागच्या खोलीत जाऊन बोंब ठोकली. “ही वायर का? का ही? का ही पिवळी?”

पुटपुटनं दप्तरातून आपला काळा पेनड्राइव्ह काढला. दोन्ही हुबेहूब सारखे. खट्! अदलाबदल झाली.

“अगं, त्यात तुझा सुट्टीचा अभ्यास आहे ना?” कॅप्टननं विचारलं.

“होता,” पुटपुट म्हणाली.

काका आले, बसले, पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते न बघताच सगळं पुसलं आणि “झालं!” म्हणून तो खिशात टाकून पाहुण्यांना आणायला बाहेर पडले.

वर आजोबा शब्दकोश मांडीवर घेऊन बसले होते. कॅप्टन नुसती शेजारी जाऊन बसली. मग त्यांनी ‘क्ष’ची पानं उघडली.

“तुमच्या मोठ्या आजीचं पत्र. माझी थोरली बहीण. आमच्या वडिलांचा एक ऑर्गन होता, पायानं भाता मारायचा. तिच्या खोलीत मेणबत्ती कलंडली आणि तो जळून कोळसा झाला. मी तिला नको ते बोललो. मग वीस वर्षं बोलणं नाही. आणि एक दिवस हे आलं.”

कॅप्टननं मोठ्यानं वाचलं: “छोट्या, सोबत दोन फायली आहेत. छोटी मोठीतून ऐक. शेवटचा सूर ऐकू आला का, ते लिहून कळव. माझा एक कान गेला, दुसराही जाईल म्हणतात. उत्तर आलं नाही तर समजेन की तू मला माफ केलं नाहीस. मोठी.”

“मी छोटा, ती मोठी,” आजोबा म्हणाले. “मला वाटलं, ती म्हणतेय, माझ्या बाजूनं ऐकून बघ. ऐकलं, तर हे! त्या रात्रीही घरात धुरानं घुसमटलेले श्वास होते. शेजाऱ्यांचा फोन वाजत होता. लाकडं तडतडत होती, गोळ्या सुटल्यासारखी. तिनं मला तीच रात्र परत पाठवली. काय उत्तर देणार?”

पुटपुट एकदम उभी राहिली. “आजोबा, तुम्ही फार वाचता हो! यात बाजूबिजू काही नाहीये. फाइल मोठीतून ऐक, एवढंच लिहिलंय!”

पावणेपाच! तिघं जिना उतरली, पाठोपाठ आजोबा.

“छोटी मिडी फाइल आहे,” पुटपुट खरा पेनड्राइव्ह लावत भराभर बोलत होती. “तिच्यात आवाज नसतोच. नुसते हुकूम असतात. कुठली पट्टी, कधी, किती जोरात, आणि कितव्या नंबरच्या वाद्यावर. वाजवायचं काम सिंथेसायझरचं. हे बघा नंबर: एकशे बावीस, एकशे पंचवीस, एकशे अठ्ठावीस. नेहमीच्या यादीत तिथे काय असतं? श्वास, टेलिफोन, बंदूक!”

“म्हणजे मोठ्या आजीनं तिथे दुसरंच काहीतरी ठेवलंय?”

“आणि ते मोठ्या फाइलमध्ये आहे!”

कॉम्प्युटरवर तीन सिंथेसायझर, म्हणजे आवाज काढणारे प्रोग्रॅम, होते. पहिला कॉम्प्युटरबरोबरच आलेला. त्याला मोठी फाइल देऊन पाहिली. त्याला बाहेरचा आवाज चालतच नव्हता. पुन्हा तोच श्वास.

“हा लावा!” भोंगा ओरडला. “काकांचा महागडा! कसली बटणं आहेत बघा!”

पण त्याला फक्त स्वतःचेच आवाज घडवता येत होते. त्यातून असली खोल गुरगुर निघाली की खिडकीची तावदानं थरथरली. आजोबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“राहू दे, बाळांनो. मला वाटलं होतं तेच खरं असेल.”

“थांबा, एक राहिलाय,” कॅप्टन म्हणाली. तिसरा फुकटातला होता. करड्या रंगाची चौकट, दिसायला अगदीच गरीब. त्यात एकच ओळ: ‘आवाजांची फाइल निवडा.’

पुटपुटनं मोठी फाइल निवडली. पडद्यावरची पट्टी सरकू लागली. वीस टक्के... साठ... जिन्यात काकांचा आवाज आला. नव्वद...

करकर! करकर!

भोंगा दोन पावलं मागे सरला. पण आजोबा पुढे झाले. “भात्याची पायपट्टी आहे ती. उजवी. बाबा तेल घालायचे तरी करकरायचीच!”

आणि ऑर्गन वाजू लागला. खालचे सूर, मधले सूर, वरचे सूर. जळण्याआधी मोठ्या आजीनं एकेक पट्टी दाबून, एकेक सूर टिपून ठेवला होता. काका दारात थबकले. मागचे जाहिरातवालेही.

मग तीच लांब शांतता. सगळे त्या बाराची वाट बघत अंग चोरून उभे राहिले. पण वाजला एक बारीकसा, चिरका, तडा गेलेला सूर.

आजोबा मटकन खाली बसले. “ही पट्टी मी मोडली होती. सात वर्षांचा होतो. बाबांनी विचारलं, तर ताई म्हणाली, मी मोडली. मार तिनं खाल्ला. आणि मेणबत्तीसाठी मी तिला...” त्यांनी डोळे पुसले. “आता उशीर झाला. तिला ऐकू येत नसेल. कदाचित ती...”

“मोठी आत्या ना? ठणठणीत आहे!” काका म्हणाले. “गेल्याच महिन्यात तिच्या शेजाऱ्यांशी बोललो. कान मात्र दोन्ही गेलेत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलंच नाही!”

तिघांनी काकांकडे असं पाहिलं की ते खिशातला पेनड्राइव्ह चाचपू लागले. “अरे, मग मी पुसलं काय?”

“माझा अभ्यास,” पुटपुट म्हणाली. “दोन निबंध आणि चाळीस गणितं.”

“गणितं माझ्याकडे लागली! शाब्बास गं पोरी! तिघांनाही शाब्बास! मी तर पार माती करून बसलो होतो.”

आजोबा तसेच बसून होते. “तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मी आता काय कळवू?”

“आजोबा,” कॅप्टननं त्यांच्या हातात पेन दिलं, “पत्र वाचायला कान कशाला लागतात?”

आजोबांनी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. शब्द पुरेसे चांगले नाहीत, असं त्यांना वाटत राहिलं. पाचव्यांदा तीनच ओळी उरल्या: ‘ताई, शेवटचा सूर ऐकला. ती पट्टी मी मोडली होती. माफी मी मागायची आहे. छोटा.’

कोपऱ्यावरची टपालपेटी पोस्टमन साडेसहाला रिकामी करायचा. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. भोंगा रस्ताभर “सरका, सरका!” ओरडत पुढे धावला. आजोबा पेटीपाशी पोचले, पाकीट फटीत अर्धं घातलं आणि थांबले. भोंग्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

मग आजोबांनी बोटं सोडली.