हेमाने निवडलेलं छत

"हेमाताईंनी निवडलेलं छत कोसळलंय. आमच्या रिसेप्शनवरच्या सगुणाला लागलंय. पोलीस आलेत. तुम्ही या," डॉक्टर ऋजुता फोनवर म्हणाल्या.

उत्तमने गॅस बंद केला आणि डोंबिवलीहून स्कूटर काढली.

दुकानं, बँका, दवाखाने यांच्या फॉल्स सीलिंगसाठी, म्हणजे खऱ्या छताखाली टांगलेल्या हलक्या छतासाठी, टाइल्स निवडून देणं हे त्याच्या बायकोचं, हेमाचं काम. उत्तम निवृत्त होईपर्यंत खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. सुट्टीच्या दिवशी तिचे नमुने स्कूटरवरून वाहून न्यायचा. हेमा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आता तिच्या माघारी तिच्या कामाला नावं ठेवणार? त्याने स्कूटरचा वेग वाढवला.

डॉक्टर ऋजुतांची तपासणीची लॅब कल्याणला पहिल्या मजल्यावर होती. जिन्यात कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या गाडीची वाट बघत होत्या. वाट काढताना एका पिशवीचा कोपरा त्याच्या गुडघ्याला खचकन लागला. तो चोळत वर गेला.

पेशंट बसायच्या हॉलमध्ये, रिसेप्शनच्या टेबलाच्या बरोबर वर, छताला मोठं भगदाड पडलं होतं. खाली फरशीवर पाणी. फौजदार भोईरबाई पंचनामा करत होत्या. मॅनेजर सर्वेश पुढे आला.

"काका, हेमामॅडम गेल्यात, त्यांच्याबद्दल बोलायला वाईट वाटतं. पण टाइल चुकीचीच निवडली. एसीचं पाणी आठवडाभर झिरपत होतं. टाइल फुगली आणि बदकन पडली. पीव्हीसीची, प्लास्टिकची घेतली असती तर हे झालं नसतं."

"चुकीची नाही," उत्तम म्हणाला.

"काका, तुम्ही गाड्या दुरुस्त करायचात ना?"

"हो. म्हणून तर एखादी वस्तू का मोडली ते आधी बघतो, मग बोलतो."

भोईरबाईंनी मान वर केली. "बघा, काका. पण माझ्यासमोर."

"ही टाइल का घेतली होती?" त्यांनीच पुढे विचारलं.

"हॉलमध्ये आवाज घुमायचा. म्हाताऱ्या माणसांना आपलं नाव पुकारलेलं कळायचं नाही. ही मिनरल फायबरची टाइल आवाज गिळते. पीव्हीसी गिळत नाही," उत्तम म्हणाला.

"ते खरंय," डॉक्टर ऋजुता हळूच म्हणाल्या. "पण आज सगुणाच्या खांद्याचं हाड मोडलंय, काका. ती बेशुद्ध होती. आणि उद्या लॅबच्या मान्यतेची तपासणी आहे. आजच हे व्हायचं होतं."

"पडलेल्या टाइल्स कुठायत?"

"गोणीत भरल्या. पेशंट अडखळले असते," सर्वेश म्हणाला.

उत्तमने गोणी ओतली. एक अख्खी टाइल उचलली आणि दोन बोटांवर तोलली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. भोईरबाईंनी ती हातात घेतली, पाठीवरून बोट फिरवलं आणि बोटावरची धूळ बघितली. मग उत्तम शिडीवर चढला. भगदाडाभोवतीच्या पत्र्याच्या पट्ट्या, ज्यांच्या चौकटीत टाइल्स नुसत्या ठेवलेल्या असतात, त्या खाली वाकल्या होत्या. शेजारच्या टाइल्स पांढऱ्याशुभ्र होत्या.

"पडलं तेव्हा तुम्ही कुठे होता?" भोईरबाईंनी सर्वेशला विचारलं.

"जेवायच्या सुट्टीत मागच्या खोलीत. आवाज आला, धावत आलो. वरून पाणी गळत होतं."

"पहिले तुम्हीच आलात?"

"हो. सगुणाला ॲम्ब्युलन्समध्ये मीच चढवलं. बाकीचे नंतर आले."

"मग सफाई?"

"तीही मीच केली. एवढं करून वर माझीच चौकशी!"

उत्तम खाली उतरला. त्याचा आवाज चढला. "हेमा नमुन्याची टाइल आमच्या मोरीत टांगून ठेवायची. शेजारणी हसायच्या. भिजली की काय होतं ते मी रोज अंघोळीला बघितलंय. आधी पिवळं वर्तुळ उमटतं. मग पोट सुटतं. आठवडाभर पाणी झिरपलं, आणि शेजारच्या एकाही टाइलवर डाग नाही?"

"त्या कोरड्या राहिल्या असतील."

"बरं. ही पडलेली तर भिजली ना? मग बाई, तिची पाठ कशी आहे ते सांगा."

"पाठ कोरडी आहे," भोईरबाई म्हणाल्या. "धूळसुद्धा भिजलेली नाही. ओली आहे ती पांढरी बाजू. पाणी वरून आलं असतं तर आधी पाठ भिजली असती."

"म्हणजे पाणी टाइल पडल्यावर ओतलं," डॉक्टर म्हणाल्या.

"ओतणाऱ्याने दिसते ती बाजू भिजवली. छताला वरूनही एक बाजू असते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही," उत्तम म्हणाला. "आणि ओली टाइल मऊ होऊन चौकटीतून निसटते, पट्टी वाकवत नाही. पट्टी वाकते ती वजनाने. ही टाइल धरून बघा, डॉक्टर. एवढीशी हलकी. डोक्यात पडली तर टेंगूळ येईल. हाड मोडणार नाही. सगुणाच्या खांद्यावर दुसरंच काहीतरी जड पडलंय."

भोईरबाईंनी टाइलची पाठ उजेडात धरली. धुळीत मधेच एक स्वच्छ चौकोन होता.

"खोकी," त्या म्हणाल्या. "वर खोकी ठेवली होती. कसली, सर्वेश?"

"मला काय माहीत? एसीवाल्याने ठेवली असतील."

"एसीवाल्याची खोकी असती तर पडल्यावर इथेच सापडली असती. पहिले आलात तुम्ही. आवरलं तुम्ही. खोकी गेली कुठे?"

उत्तमने गुडघा चोळला आणि जिन्याकडे बोट केलं.

"तुमच्या पिवळ्या पिशवीत काय असतं, डॉक्टर?"

"कापूस, बँडेज. सगळं मऊ."

"मग तिला कोपरे कुठून आले?"

भोईरबाईंनी हवालदाराला पाठवलं. पिशवीतून रसायनांच्या बाटल्यांची खोकी निघाली. डॉक्टरांनी एकेक बाटली फिरवून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यांची मुदत संपलेली होती.

"खरेदी तूच बघतोस, सर्वेश. ही मी केव्हाच फेकायला सांगितली होती."

"फेकणारच होतो..."

"वापरत होतास," डॉक्टर म्हणाल्या. "लोकांच्या रक्तावर. उद्या तपासणी, म्हणून वर लपवलीस."

"ती खोकी खाली आली सगुणावर," भोईरबाई म्हणाल्या. "सगुणा बेशुद्ध पडली होती, आणि तुम्ही आधी खोकी उचललीत, मग बादली आणलीत, मग ॲम्ब्युलन्सला फोन केलात. खरं की नाही?"

सर्वेश खाली बसला. "मला वाटलं, हेमामॅडम आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

उत्तम एकदम त्याच्या अंगावर गेला. भोईरबाई मधे उभ्या राहिल्या.

"पडतो," तो म्हणाला. "मला पडतो."

हवालदाराने सर्वेशला खाली नेलं. डॉक्टर ऋजुतांनी बाटल्यांवरच्या तारखा वहीत उतरवून घेतल्या.

"उद्याची तपासणी मीच थांबवते. ज्यांच्या रक्ताच्या तपासण्या ह्या रसायनांवर झाल्या, त्या सगळ्यांना परत बोलवायला हवं." मग त्या वर बघत म्हणाल्या, "हे पीव्हीसीने बुजवून टाकू या का, काका? हेमाताईंची चूक होती म्हणून नाही. लोक आता ह्या छताला घाबरतील."

"नाही. हेमाने निवडली तीच बसेल."

"आणि लोक?"

उत्तमने भिंतीजवळची खुर्ची ओढली. भगदाडाच्या शेजारी, उरलेल्या पांढऱ्या टाइल्सच्या बरोबर खाली ठेवली आणि तिच्यावर बसला.

"काम पुरं होईपर्यंत मी रोज इथे बसतो," तो म्हणाला. "पुकारा तुमचे पेशंट."