दोन खाचांची पुली

कोल्हापूरच्या उद्यमनगरात संयोगिताच्या लेथच्या दुकानासमोर जुनी फियाट थांबली, तेव्हा वैशाखाचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. तान्हं बाळ धरावं तसा एसीचा कॉम्प्रेसर धरून एक तरुण उतरला.

"पावणं, ह्या म्हातारीला गारवा कशाला?" गाडीकडं बघत संयोगिता हसली.

"गाडीला न्हाय, आमच्या आक्काला." शाहूपुरीतल्या त्या तरुणानं, वृषभनं, कॉम्प्रेसर बाकावर ठेवला. "आई माझी. रविवारी कुंभोजला दीक्षा घेऊन जैन साध्वी होणार. मग जन्मभर अनवाणी, पायी... बाबांच्या गाडीत शेवटचं बसायचं म्हणती. पण उन्हात भोवळ येती तिला."

संयोगिताचं हसू ओठांतच विरलं.

इंजिनाच्या पुलीला एकच खाच होती. तिनं दोन खाचांची नवी पुली कातली. दुसऱ्या खाचेतल्या पट्ट्यानं इंजिन कॉम्प्रेसरला फिरवणार होतं. पण गाडी सुरू केली की पट्टा किंचाळायचा.

"केसभर तिरका बसलाय. दोरा धरा."

दोन्ही पुल्यांवरून दोरा ताणला. एक टोक तिच्या बोटांत, एक त्याच्या...

"हलू नका की!" तो म्हणाला.

"तुम्ही बघायचं थांबवा, मग हलत न्हाय."

"मी पुली बघतोय!"

"व्हय, व्हय..."

कॉम्प्रेसरखाली पातळ वायसरची चकती सरकवताच पट्टा गप्प झाला. तिनं दोरा गुंडाळून ठेवला. काम संपलं होतं... आता हा कशाला येईल?

शनिवारी दुपारी तो आला, मागं आक्का. ती म्हणाली, "पट्टा वाटेत वाजला तर? तू बी चल, पोरी."

गार वाऱ्यात आक्का डोळे मिटून बसली. हातकणंगले मागं पडलं, ऊन कललं, तशी ती म्हणाली, "गारवा बंद कर आता. पोटभर मिळालं." मग हळूच, "वृषभ, चार दिवस काय गिळतोयस? उद्यापासनं मी कुणाची आई न्हाय. बोलायचं ते आज बोल."

लिंबाच्या सावलीत गाडी थांबली.

"आक्का... ही संयोगिता..."

"मला न्हवं. तिला विचार."

तो वळला. नुसता हात पुढं आला – दोरा धरल्यासारखा, दोन बोटं जुळवून.

संयोगितानं दुसरं टोक धरल्यागत आपली बोटं समोर धरली. "हलू नका," ती पुटपुटली. डोळे भरून आले होते.

आक्का बघून हसली. दार उघडून उतरली, पदर सावरला आणि रस्त्याच्या कडेनं कुंभोजच्या दिशेनं चालू लागली.

चपला गाडीतच राहिल्या होत्या.

वृषभनं हाक मारली नाही. गाडी सुरू केली आणि तिच्या मागून, तिच्याच चालीनं, दोघं निघाली.