बंद सर्व्हरचा पत्ता

"बाई, अ‍ॅपमध्ये सुरक्षेच्या साहेबांच्या नावावर भगदाड सापडलंय. संचालकांनी लगेच बोलावलंय!"

फोन मुंगीचा होता. कंपनीत अ‍ॅप तपासणारी ही मुलगी. बारीकशी चूकसुद्धा सोडत नाही म्हणून मुंगी. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. सुरक्षा तपासनीस बाई तशाच निघाल्या.

रुग्णांचे रिपोर्ट दाखवणारं अ‍ॅप संध्याकाळी बाहेर पडणार होतं. अँड्रॉइड आणि आयफोनची सुरक्षेची फाइल वेगवेगळी. अ‍ॅप बांधताना ज्याची त्याला जोडली जाते. आयफोनची ठीक होती. अँड्रॉइडच्या फाइलमध्ये मात्र एका सर्व्हरशी सांकेतिक कुलूप न लावता, उघड्यावर बोलायची परवानगी होती. बदल काल दुपारी चारचा, साहेबांच्या नावावर. संचालक त्यांना आजच घरी पाठवायला निघाले होते.

"चारला मी मीटिंगमध्ये होतो," साहेब म्हणाले.

"कॉम्प्युटर लॉक केला होता?"

"आपल्याच ऑफिसात कशाला?"

आणि हा म्हणे सुरक्षेचा प्रमुख! बाईंनी कपाळाला हात लावला.

"हा सर्व्हर कुठला?"

"दोन वर्षांपूर्वी बंद झाला. तेव्हाही असंच झालं होतं. अँड्रॉइडवाल्या एकाला काढावं लागलं. त्या फाइलच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या."

भिंतीवर तपासणीची यादी होती. सकाळी आयफोन, दुपारी अँड्रॉइड.

बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"बंद सर्व्हरचा पत्ता घालून चोरी होत नाही. हा सूड आहे. तो पत्ता जुनी फाइल जपणाऱ्याकडेच असणार. आणि मुंगी, दुपारची तपासणी तू सकाळी नऊलाच कशी केलीस? काढलेला माणूस तुझा कोण?"

"सख्खा भाऊ." मुंगीने मान खाली घातली नाही. "लग्नानंतर आडनाव बदललं, म्हणून इथे शिरता आलं. दादासाठी कुणी चौकशी लावली नाही. साहेबांसाठी तासाभरात लागली!"

तिने जुन्या फाइलचा कागद टेबलावर आपटला. बदल कुणी सांगितला ते शेजारी लिहायची तिथली पद्धत. दादाने लिहिलं होतं: साहेबांच्या सांगण्यावरून, दोन दिवसांसाठी.

"घाई होती, म्हणून सांगितलं होतं..." साहेब बोलून गेले.

संचालकांनी कागद दोनदा वाचला. "तुम्ही दोघंही उद्यापासून येऊ नका."

"नाहीच येणार," मुंगी म्हणाली. "पण दादा निर्दोष होता, हे आज अहवालात लिहा. साहेबांनी सही केल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

बाईंनी पेन साहेबांपुढे सरकवलं.