चार ठिपक्यांची फुली

गौतमी परबचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

ती बारा वर्षांची, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणारी. तिने लिहिलं होतं :

"आमच्या आरोग्य केंद्रातल्या यंत्राने बाबांचं रक्त तीनदा तपासलं. तिन्ही वेळा 'मलेरिया' म्हणालं. गोळ्या दोनदा झाल्या, पण ताप जात नाही आणि लघवी काळपट लाल होते. मागच्या महिन्यात आमच्या गायीलाही तसंच झालं होतं. बाबा पोफळीच्या झाडावरून पडले तेव्हा त्यांच्या पोटातली प्लीहा काढली होती, हेही सांगते. यंत्राशी वाद घालता येत नाही. त्याला शिकवणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे, म्हणून विचारते. यंत्र चुकतं का?"

सोबत रक्ताची काचपट्टी होती. आणि भोकं पाडलेल्या झाकणाची एक बाटली. तिच्यात बाबांच्या मांडीवरून काढलेली तिळाएवढी गोचीड.

एकतीस वर्षं मी मलेरियाच्या पट्ट्या वाचल्या. त्याच पट्ट्यांवर ते यंत्र शिकलं. त्याचे डोळे दमत नाहीत. त्याला खोटं ठरवणारा मी कोण? मी पत्र शब्दकोशाखाली सरकवून ठेवलं.

रविवारी दुपारी माझ्या नातीने, शलाकाने, ते काढलं.

"आजोबा, नऊ दिवस? मी आत्याला 'थँक्यू' म्हणायला विसरले तर केवढं बोलता मला!"

"बघतो गं."

"ही तर मेलीय," असं म्हणत तिने बाटली तोंडाजवळ नेली आणि दचकून हात लांब केला.

गोचीड जागी झाली होती. मागच्या पायांवर काचेला धरून तिने पुढचे दोन पाय हवेत पसरले होते, उचलून घ्या म्हणणाऱ्या तान्ह्या बाळासारखे. शलाका डावीकडे सरकली, तसे ते पाय सावकाश डावीकडे वळले.

"हिला मी दिसतेय?"

"दिसत नाहीस. तुझा श्वास कळतो. पुढच्या पायांवर वास घेणारे बारीक खळगे असतात. गवताच्या टोकावर ती अशीच थांबते, महिनोन् महिने, उपाशी. कुणीतरी श्वास घेत जवळून जाईपर्यंत."

शलाकाने बाटली टेबलावर ठेवली आणि बराच वेळ श्वास बेताने घेतला.

मी पडदे ओढले, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि चित्र भिंतीवर सोडलं. भिंतभर एका आजारी माणसाचं रक्त पसरलं. थाळीएवढ्या गुलाबी पेशी, आणि कित्येक पेशींत एकेक निळी अंगठी, तिला लाल खडा.

"डोळे वाटतात," शलाका कुजबुजली. "सगळे आपल्याकडेच बघतायत."

"ते परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारे जीव). मलेरियाच्या अंगठ्या अशाच असतात. मलेरियाचा परजीवी हिमोग्लोबिन (रक्ताला लाल रंग देणारा पदार्थ) खातो आणि वाढला की त्याचं उष्टं तपकिरी कणांच्या रूपाने पेशीत दिसतं."

"मग इथे उष्टं कुठंय?"

मी पट्टी इंच इंच सरकवली. चाळीस मिनिटं. लहान, मोठ्या, जोडीने बसलेल्या अंगठ्या मिळाल्या; तपकिरी कण एकही नाही. मग ती पेशी आली. आत चार थेंब, टोकाला टोक लावून बसलेले. एक छोटी फुली.

"आजोबा, का थांबलात?"

"ही फुली मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. यंत्रापुढे माझाच डोळा चुकला असेल, असं वाटलं."

तिने शब्दकोशाखालून काढलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"हा बबेसिया," मी म्हणालो. "गुरांचा जुना आजार. गोचीड आजारी गायीचं रक्त पिते, परजीवी तिच्यात वाढतो आणि पुढच्या चाव्यातून दुसऱ्याच्या अंगात उतरतो. माणसाला क्वचितच होतो. पण प्लीहा (बिघडलेल्या रक्तपेशी गाळून काढणारा पोटातला अवयव) नसेल तर त्याला अडवणारी चाळणीच नाही. औषधंही वेगळी लागतात."

"मग यंत्राला हे कसं कळलं नाही?"

"मी त्याला फक्त मलेरिया दाखवला. अंगठी दिसली की मलेरिया, हे माझ्याकडूनच शिकलं ते."

"म्हणजे गौतमीचे बाबा नऊ दिवस..." तिने कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिहा आधी!"

तोंडी मत चालत नसे. माणसाच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय केंद्रातल्या डॉक्टरांना यंत्राचा निष्कर्ष बाजूला ठेवता येत नसे. मी लिहिलं :

"हा मलेरिया नसून बबेसिया असावा. रुग्णाला आजच मोठ्या रुग्णालयात हलवा, जनुक-चाचणीने खात्री करा, उपचार बदला. माझी चूक होत असेल, तरी चाचणी थांबवू नका."

खाली गौतमीसाठी एक ओळ : "हो, यंत्र चुकलं. त्याच्या आधी मी चुकलो. तू बरोबर विचारलंस."

"'माझी चूक होत असेल' खोडा ना," शलाका म्हणाली.

"राहू दे. यंत्राला तेवढंच शिकवायचं राहिलं होतं."

फुलीचं चित्र मी यंत्राच्या शिकवणीत घातलं आणि त्याला एक नवं उत्तरही दिलं : 'मला ठाऊक नाही, माणसाला विचारा.' आता हजार गावांतल्या यंत्रांना ते म्हणता येणार होतं.

टपालाचं उडतं यंत्र गच्चीच्या कठड्यावर उतरलं. संध्याकाळच्या आत पोचेल, असं त्याने सांगितलं. शलाकाने पाकीट त्याच्या पोटात सरकवून झाकण लावलं. पुन्हा एकदा वाचून बघावं म्हणून मी हात पुढे केला, पण तोवर ते शेजारच्या पाण्याच्या टाकीपलीकडे गेलं होतं.